सासऱ्याचं मत

निवडणुकीच्या शनिवारी दुपारी निवडणूक समितीची दोन माणसं मतपेटी घेऊन विज्माच्या घरी आली. एक रास्मा, गावच्या वाचनालयाची बाई, आणि दुसरा ओल्गेर्त्स, पूर्वी जंगल खात्यात होता तो. पेटी लहानशी, सील लावलेली. ओल्गेर्त्सने ती गाडीतून उतरताना दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, कारण अंगणात चिखल होता आणि त्याच्या गुडघ्यांचा त्याला भरवसा नव्हता.

ते आले होते विज्माच्या सासऱ्यासाठी. हुगोला उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तो पलंगावरच होता. उजवा हात गेला होता, डावा थरथरायचा, नजर अंधूक झाली होती. पण बोलणं शाबूत होतं आणि डोकं तर फारच शाबूत. घरी येऊन मत घ्या, असा अर्ज त्याने विज्माकडून आग्रहाने पाठवून घेतला होता. त्याच्या मुलाला, मोद्रिसला, याचं भारी कौतुक वाटलं होतं. मोद्रिस स्वतःच संसदेसाठी उभा होता.

तो त्या वेळी घरी नव्हता. आदल्या दिवसापासून प्रचार बंद असतो, आणि उमेदवार नुसता दुकानात पाव घ्यायला गेला तरी कुणीतरी बोट दाखवतं. म्हणून सकाळीच टोपली घेऊन तो अळंबी शोधायला जंगलात निघून गेला होता.

रास्माने हुगोचा पासपोर्ट पाहिला, नाव नोंदवलं आणि मतपत्रिकांचा गठ्ठा पांघरुणावर ठेवला. आमच्याकडे प्रत्येक पक्षाची मतपत्रिका वेगळी. सगळ्यांचा गठ्ठा हातात मिळतो, त्यातली एकच लिफाफ्यात घालायची. तिच्यावर आपल्या विभागातल्या त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांची नावं असतात. एखादं नाव आवडलं तर त्याच्यापुढे अधिकची खूण करायची, नको असेल तर खोडायचं, नाहीतर तशीच कोरी टाकायची. पक्षाला जागा किती हे मतपत्रिका मोजून ठरतं, पण त्या जागांवर बसणार कोण हे ठरतं खुणांवरून.

"काका, खुणा मला करता येणार नाहीत," रास्मा म्हणाली. "ओल्गेर्त्सलाही नाही. आम्ही समितीचे. तुमच्या विश्वासाचं दुसरं कुणी असेल तर ते करेल, तुमच्यासमोर, तुम्ही सांगाल तसं."

"विज्मा आहे की," हुगो म्हणाला.

रास्मा आणि ओल्गेर्त्स स्वयंपाकघरात गेले आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले. विज्मा पलंगाच्या कडेला बसली. मांडीवर एक जुनं मासिक घेतलं, त्यावर कागद ठेवायला. कुठल्या पक्षाची मतपत्रिका काढू, असं तिने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं, तरी विचारायला हवं म्हणून.

"त्याच्याच," हुगो म्हणाला. "पक्ष काही वाईट नाही."

तिने ती काढली. पहिलं नाव डॉक्टर एग्लीते यांचं, शहरातल्या दातांच्या डॉक्टर. दुसरं मोद्रिसचं. तिसरा टीव्हीवर बागकामाचा कार्यक्रम करणारा एक गोड बोलणारा गृहस्थ. तिने नावं हळू आवाजात वाचून दाखवली.

"दुसऱ्याला खोड."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अधिक करू ना, बाबा?"

"खोड म्हणालो. आडवी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अर्धवट मारलीस तर मोजणारे वाद घालत बसतील."

"पण का?"

"खोडण्याचं कारण लिहायला जागा आहे का त्या कागदावर?"

"नाही."

"मग मार."

विज्मा पेन धरून बसून राहिली. हुगोचे डोळे छताकडे होते. त्याला तिच्या हातातला कागद पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसत असणार, त्यावरची खूण दिसणं शक्य नव्हतं. अधिक केलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. नवरा तिचा होता. चोवीस वर्षांचा संसार होता. आणि तरी त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे मोद्रिस नव्हे, तर शाळेचं स्वयंपाकघर आलं.

ती शाळेत स्वयंपाकीण होती. गावातल्या जवळजवळ प्रत्येक तरुण माणसाने तिच्या हातची वाटाण्याची उसळ आणि बटाट्याची भजी खाल्ली होती. दीड वर्षापूर्वी मुलं कमी झाली म्हणून शाळा बंद करायचा विषय नगर परिषदेपुढे आला. मोद्रिस परिषदेत गावचा प्रतिनिधी होता. गावच्या सभेत तो उभा राहून म्हणाला, मी विरोधात मत देईन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग परिषदेच्या अध्यक्षांनी त्याला खोलीत बोलावून हिशेब समजावून सांगितला, तेव्हा तो त्यांनाही हो म्हणाला, आणि सभागृहात शाळा बंद करण्याच्या बाजूने हात वर करून आला. पुढे वर्षभरात त्याचं नाव पक्षाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर लागलं. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं तो म्हणायचा, आणि कदाचित नसेलही. गाव काय म्हणायचं ते वेगळं.

विज्माने रेघ मारली. पेन इतकं दाबलं गेलं की खालच्या मासिकावर वळ उमटला.

"झालं?" हुगोने विचारलं.

"झालं."

तिने कागद लिफाफ्यात घातला, लिफाफा चिकटवला आणि पेटी त्याच्याजवळ आणली. लिफाफा मात्र त्याने आपल्याच डाव्या हाताने फटीत घातला. दोनदा चुकला, पण कुणाला हात लावू दिला नाही. निघताना रास्माने अंगणात विज्माचा दंड धरला आणि म्हणाली, आत काय झालं ते मी पाहिलं नाही आणि विचारणारही नाही. पण तूही कुणाला सांगायचं नाहीस, अगदी घरातही नाही. विज्माने मान हलवली.

संध्याकाळ व्हायच्या आत ती स्वतःचं मत द्यायला गेली. मतदान केंद्र त्याच बंद शाळेत होतं. तिचं स्वयंपाकघर खुर्च्या रचायला वापरलं होतं. पडद्यामागे ती बराच वेळ उभी राहिली. मोद्रिसच्या नावापुढे अधिक करावं असं तिने ठरवून आणलं होतं, कारण दुपारच्या रेघेची थोडी भरपाई झाली असती. पेन दोनदा उचललं आणि ठेवलं. शेवटी कागद कोराच लिफाफ्यात घातला आणि बाहेर आली.

रविवारी निकाल आला. मोद्रिसच्या पक्षाला आमच्या विभागात दोन जागा मिळाल्या. डॉक्टर एग्लीते निवडून आल्या, आणि दुसरी जागा बागकामवाल्याला गेली. मोद्रिस तिसरा आला, म्हणजे बाहेर राहिला. कोणत्या केंद्रावर कुणाला किती अधिक मिळाले आणि कुणाचं नाव किती जणांनी खोडलं हे सगळं जाहीर होतं. मोद्रिस संगणकापुढे बसून वाचत राहिला. विभागात सगळीकडे त्याचं ठीक चाललं होतं. त्याला बुडवलं होतं त्याच्याच गावाने आणि आजूबाजूच्या दोन-तीन वाड्यांनी. पक्षाला इथे इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त मतं होती, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मतपत्रिकांवर त्याचं नाव खोडलेलं होतं.

"पक्ष घेतला आणि मला काढला," तो म्हणाला. त्याला राग आला नव्हता. घरात चोर येऊन गेल्यावर माणूस जसा एकेक खण उघडून बघतो, तसा तो बोलत होता.

पुढचे दिवस फार वाईट गेले. दुकानात, पेट्रोल पंपावर, शनिवारच्या बाष्पस्नानाला, जिथे जाईल तिथे लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. मी तर अधिक केलं होतं, मोद्रिस. आमच्या घरातून सगळ्यांनी केलं. कोण हे नालायक लोक, कळत नाही. तो सगळ्यांचे आभार मानायचा. घरी येऊन सांगायचा, आज अमक्याने सांगितलं, तमक्याने सांगितलं. अधिक केल्याचं सांगणारी माणसं जाहीर झालेल्या अधिकांपेक्षा केव्हाच जास्त झाली होती, हे विज्माला दिसत होतं. त्यालाही दिसत असणार. तरी तो कुणाला काही म्हणाला नाही. फक्त गावातून गाडीने जाताना तो आता घरांकडे बघत बघत जायचा.

एक दिवस ती बटाटे सोलत होती, तेव्हा तो समोर येऊन बसला.

"तू तरी केलं होतंस ना अधिक?"

"कोरी टाकली," ती म्हणाली.

"कोरी?"

"खोडलं नाही. अधिकही केलं नाही."

त्याने हसल्यासारखं केलं. "म्हणजे माझ्याशिवाय घरातून एकच. बाबांचं."

विज्माने बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला. आतलं दार उघडं होतं. संध्याकाळी ती हुगोला लापशी भरवायला गेली तेव्हा तो म्हणाला, "सांगितलं नाहीस."

"सांगायचं नसतं."

"तू नको सांगूस. मत माझं आहे, मी सांगेन."

पण आठवडे गेले तरी त्याने सांगितलं नाही. मोद्रिस रोज रात्री वडिलांच्या पायांना मलम चोळायचा. त्या वेळी विज्मा मुद्दाम दुसऱ्या खोलीत काहीतरी काम काढायची. एकाच घरात तिघं, आणि तिघांमध्ये मिळून एक गोष्ट, जी तिघांपैकी एकालाच माहीत नव्हती. रात्री शेजारी झोपलेल्या नवऱ्याचा श्वास ऐकताना तिला वाटायचं, उठवावं आणि बोलून मोकळं व्हावं. मग रास्माचा दंडावरचा हात आठवायचा. खरं तर तो हात म्हणजे तिला एक सोयच झाली होती, हेही तिला कळत होतं.

तिकडे राजधानीत, रीगामध्ये, सरकार बनत नव्हतं. सात पक्ष पाच टक्के मतांची अट ओलांडून संसदेत आले होते आणि कुणाकडेही चौथा हिस्सासुद्धा नव्हता. चार पक्षांचं जमलं, मग एकाने शिक्षण खातं मागितलं आणि उठून गेला. दुसऱ्याला आणलं तर तिसरा रुसला. हुगो रेडिओवर सगळं ऐकायचा आणि म्हणायचा, एका पोत्यात मांजरं भरताहेत. नोव्हेंबर संपता संपता एकदाचं जमलं. मोद्रिसचा पक्ष त्यात होता, आणि डॉक्टर एग्लीते आरोग्यमंत्री झाल्या.

आमच्याकडे खासदार मंत्री झाला की मंत्रिपद असेपर्यंत आपली जागा सोडू शकतो, आणि ती यादीतल्या पुढच्या माणसाला मिळते. बागकामवाला आधीच आत बसला होता. पुढचा होता मोद्रिस.

फोन आला तेव्हा तो अंगणात बर्चची लाकडं फोडत होता. तो धावत आत आला, बूटही काढले नाहीत. विज्माने त्याला इतकं खुश किती वर्षांत पाहिलं नव्हतं. तीही हसली, आणि ते हसणं खोटं नव्हतं. त्याने शहरात जाऊन राखाडी सूट आणला. शपथविधीच्या आदल्या दिवशी तो सूट घालूनच वडिलांच्या खोलीत गेला. विज्मा चादर बदलत होती, तिला निघून जाता आलं नाही.

"बाबा, उद्या जातोय," मोद्रिस म्हणाला. "बघा, तुमचं मत वाया गेलं नाही."

"माझं गेलं वाया," हुगो म्हणाला. "मी तुला खोडलं होतं."

मोद्रिसच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. काढायचं कसं, हे जणू त्याला सुचेना. "थट्टा करताय."

"थट्टा नाही. विज्माने मारली रेघ, मी सांगितली म्हणून. तिला बोलू नकोस."

"पण का, बाबा?"

"तू सातवीत असताना शेजारच्या म्हाताऱ्याने आपला कोंबडा मागितला. तू देऊन टाकलास. आईने विचारलं तर म्हणालास, कोल्ह्याने नेला. तिला वाईट वाटू नये म्हणून आणि त्यालाही वाटू नये म्हणून. आठवतं?"

"नाही."

"मला आठवतं. तुला कुणाला नाही म्हणता येत नाही. इथे निदान मागणारे थोडे आहेत. तिथे शंभर आहेत, आणि दाराबाहेर आणखी उभे. मला तुझी भीती वाटते, पोरा. आधी वाटायची तुझ्यासाठी, आता तुझीच वाटते."

मोद्रिस उभा होता. मग तो वाकला, वडिलांच्या पायावरून सरकलेलं पांघरूण नीट केलं आणि म्हणाला, "बरं." एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला.

विज्मा त्याच्यामागे गेली. तो लाकडांच्या पडवीत नव्या सुटातच उभा होता.

"तुझ्या हाताने," तो म्हणाला.

"हो."

"त्यांना दिसत नाही. तू अधिक केलं असतंस तर त्यांना कळलं असतं?"

"नसतं."

"मग?"

त्यांचं मत होतं, मला बदलायचा हक्क नव्हता, असं ती म्हणू शकली असती. ते खरंही होतं. वाटेत तिने तेच म्हणायचं ठरवलं होतं.

"मला ते जड गेलं नाही, मोद्रिस," ती म्हणाली. "जायला हवं होतं. पण नाही गेलं. तेव्हापासून तेच मला खातंय."

"शाळेमुळे."

"शाळा बंद केलीस म्हणून नाही. शाळा आज ना उद्या बंद झालीच असती, पोरंच नव्हती. तू हात वर केलास हे मला रेडिओवरून कळलं. त्या दिवशी दुपारी तू माझ्यासमोर बसून जेवलास. माझ्याच हातचं."

"मी सांगणार होतो तुला."

"माहीत आहे. तू सगळ्यांना सांगणारच असतोस."

त्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलताहेत असं तिला वाटलं; पण अंधारून आलं होतं आणि ती जवळ गेली नाही. पुढे कित्येक महिने तिला वाटत राहिलं, तेव्हा चार पावलं टाकायला हवी होती.

तो रीगाला गेला. सुरुवातीला दर शुक्रवारी यायचा, नंतर एकाआड एक. टीव्हीवर कधी कधी मागच्या रांगेत दिसायचा, बागकामवाल्याशी बोलताना किंवा बटण दाबताना. पक्ष सांगेल ते बटण दाबायचा. गावच्या लोकांचे फोन यायचे, रस्ता करा, बस सुरू करा, दवाखान्यात आठवड्यातून दोनदा डॉक्टर पाठवा. तो सगळ्यांना बघतो म्हणायचा. लोक मग विज्माला विचारायला लागले, काय झालं आमच्या बसचं. ती म्हणायची, मी खासदार नाही.

हुगो फेब्रुवारीत गेला. झोपेतच गेला. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणण्याआधी तिच्यावर दिवसभर शेकोटी पेटवावी लागली. मोद्रिस आला, शवपेटीला पुढून खांदा दिला, तीन मुठी माती टाकली. नंतर शाळेच्या सभागृहात जेवणं झाली. त्या दिवशी विज्माने तिच्या जुन्या चुलीवर शेवटचा स्वयंपाक केला. लोक मोद्रिसला भेटून म्हणत होते, म्हातारा अभिमानाने गेला असेल, मुलाला संसदेत बघून गेला. मोद्रिस प्रत्येकाला हो म्हणत होता. विज्मा सूपचं भांडं घेऊन त्याच्या मागून जात होती. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. सोडव, अशा नजरेने पाहिलं. तिने भांडं टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. तेवढंच तिला जमलं.

वसंतात तिने शहरातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली आणि तिथेच एक खोली घेतली. घरी शनिवार-रविवार यायची. पुढच्या शरदात चार पक्षांचं भांडण विकोपाला गेलं, सरकार पडलं. डॉक्टर एग्लीतेंचं मंत्रिपद गेलं आणि त्या आपल्या जागेवर परत आल्या. त्या क्षणापासून मोद्रिस खासदार राहिला नाही. कुणी त्याला हरवलं नाही, कुणी खोडलंही नाही. जागेची मालकीण परत आली एवढंच. दोन बॅगा घेऊन तो घरी आला, लाकूड कंपनीत हिशेबाचं काम धरलं, आणि शनिवारी विज्मा यायच्या आधी शेगडी पेटवून ठेवायला लागला. ते बोलायचे. बटाटे, छप्पर, शेजाऱ्यांचा कुत्रा. पडवीतलं बोलणं दोघांनीही पुन्हा काढलं नाही.

नगर परिषदेच्या निवडणुका आल्या तेव्हा एका शनिवारी तिला टेबलावर पक्षाचं पत्रक दिसलं. यादीत तिसरं नाव मोद्रिसचं होतं.

"पक्षाचे लोक घरी आले होते," तो म्हणाला. "तिघं. दोन तास बसले."

"आणि तू हो म्हणालास."

"मी विचार करतो म्हणालो होतो. खरंच. मग त्यांनी छापूनच टाकलं."

तिने पत्रक उलटं करून ठेवलं आणि पाव कापायला घेतला. तो तिच्या हातांकडे बघत राहिला.

"या वेळी तू काय करशील?" त्याने विचारलं.

पूर्वीची विज्मा काहीतरी टोचून बोलली असती, किंवा मत गुप्त असतं असं म्हणून सुटली असती. तिने खरंच विचार केला. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करायचा प्रयत्न करत होतं, आणि तो चालू होत नव्हता.

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली. "तू अजूनही नाव मागे घेऊ शकतोस का?"

"सोमवारपर्यंत."

"मग सोमवारपर्यंत मला विचारू नकोस."

तिने त्याच्यापुढे पाव ठेवला, जिऱ्याचं चीज ठेवलं, आणि दोघं जेवायला बसली.